वुहानची न्याहारी आणि राजा यीचं बिऱ्हाड

शनिवार, संध्याकाळ

शांघायहून निघालेली गाडी अंधार पडता पडता हानकोउ स्टेशनात शिरली. वुहान म्हणजे मुळात तीन गावं. यांगत्सेच्या एका काठाला हानकोउ, समोरच्या काठाला वुचांग, आणि हान नदी येऊन मिळते त्या बेचक्यात हानयांग. पुण्यात ज्याला ज्याला वुहानला जातोय म्हणून सांगितलं, त्यानं आधी भुवया उंचावल्या आणि मग "तिथे कशाला?" असं विचारलं. आत्याकडे त्याचं उत्तर तयार होतं, "घंटा बघायला." आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई आहे ती. हुपेइ प्रांताच्या संग्रहालयातल्या कांस्य घंटांचा फोटो कधीकाळी एका मासिकातून कापून तिनं फळ्याशेजारी लावला होता. माझं उत्तर मी कुणाला दिलं नाही. मला नूडल्स खायच्या होत्या.

आम्हाला घ्यायला लातूरचा एक मुलगा आला होता, माझ्या भावाच्या मित्राचा धाकटा. इथल्या वैद्यकीय कॉलेजात शिकतो. डॉक्टर व्हायला वुहानला आलेली आपली मुलं पूर्वीपासून आहेत, साथीनंतरही येतात. चिनी तो फडाफडा बोलतो आणि मध्येच "व्हय काकू" म्हणतो. पाठ टेकण्याआधी त्यानं बजावलं, "सकाळी हॉटेलात काही खायचं नाही. साडेसहाला खाली या."

रविवार

साडेसहाला खाली गेलो तर अर्धं गाव आमच्या आधी रस्त्यावर. वुहानमध्ये सकाळचं खाणं घरी करायची पद्धत फारशी नाही. माणसं बाहेर पडतात, गल्लीत खातात आणि तशीच कामाला जातात. पर्यटकांना सगळे हुबू गल्लीत नेतात, पण आमच्या वाटाड्यानं नाक मुरडलं आणि वुचांगमधल्या लियांगदाव रस्त्यावर नेलं. शाळकरी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या आज्या, हेल्मेट न काढलेले डिलिव्हरीवाले अशी सगळी एकाच रांगेत. रांग लांब, पण थांबत नाही, कारण गाडा सांभाळणाऱ्या बाईला एका वाडग्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

तिच्या हातांकडे मी बराच वेळ बघत राहिले. या नूडल्सना रगानमियन म्हणतात. गव्हाच्या पिठात खार घालून केलेल्या, त्यामुळे रंगाला पिवळसर आणि दाताला चिवट. आपण पापडात घालतो त्याच जातीचा खार. आधी अर्ध्याकच्च्या उकडून घ्यायच्या, तेल लावून फळीवर पसरायच्या, पंख्याखाली गार करायच्या. इतकं सगळं गिऱ्हाईक यायच्या आधीच झालेलं असतं. गिऱ्हाईक आलं की मूठभर नूडल्स जाळीच्या खोल झाऱ्यात टाकून उकळत्या पाण्यात बुडवायच्या, दोनचार वेळा वरखाली करायच्या आणि झटकून कागदी वाडग्यात उलट्या करायच्या. वर तिळाचं दाट वाटण, सोया सॉस, मुरवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे, आंबवलेली चवळीची शेंग, कांद्याची पात, हवं तर तिखट तेल. रस्सा नाहीच. वाडगा हातात पडल्या पडल्या चॉपस्टिक्सनी खालीवर ढवळायचं. बोलत बसलात तर वाटण घट्ट होतं आणि सगळ्याचा एक गोळा होतो.

आत्या मांसमच्छी खात नाही, अंडं चालतं. या पोराला एक खाच माहीत होती. वरून सगळं शाकाहारी दिसलं, तरी बऱ्याच ठिकाणी वाडग्यात मसाल्याचं एक गडद पाणी ओततात आणि त्यात कधीकधी मांस शिजवलेलं असतं. त्यानं बाईला ते घालू नका म्हणून दोनदा सांगितलं. बाईनं आत्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, काहीतरी बोलली आणि तिळाचं वाटण दुप्पट घातलं.

"काय म्हणाली रे?"

"म्हणाली, म्हातारीच्या अंगात मग ताकद कुठून येणार."

सहासात युआनला वाडगा. पैसे फोननं. बसायला जागा म्हणजे प्लॅस्टिकची स्टुलं: बुटक्या स्टुलावर आपण, उंच स्टुलावर वाडगा. आत्यानं पहिला घास खाल्ला आणि काही न बोलता दुसरा घेतला, तेव्हा मी सुटले. तिळाची चव आपल्याला परकी नाहीच, पण ती गुळाशिवाय, खारट-आंबट आणि ओशट होऊन येते. शेंगेचा आंबटपणा नसता तर अर्ध्या वाडग्यातच जीभ थकली असती. सोबत घेतलेली अंड्याची गरम पेज म्हणजे आंबवलेल्या भाताच्या गोडसर पाण्यात फेटलेलं अंडं. ती मला काही झेपली नाही. आत्या दोन्ही पेले प्यायली आणि त्यात किंचित मद्य असतं हे तिला आम्ही नंतर सांगितलं.

हा पदार्थ फार जुना नव्हे. गेल्या शतकात, १९३० च्या आसपास हानकोउच्या रस्त्यांवर तो रुळला. कुणा फेरीवाल्याच्या हातून उरलेल्या नूडल्सवर तेल सांडलं आणि हा प्रकार जन्मला, अशी गोष्ट इथे सगळे सांगतात. आत्याचं म्हणणं, जगातला प्रत्येक चांगला पदार्थ सांडूनच कसा जन्मतो? कुणीतरी डोकं लावलं असेल की.

तिथून मेट्रोनं, शेवटच्या टप्प्यात ८ नंबरच्या लाइननं, संग्रहालयाच्या दारात. तिकीट नाही, पण पासपोर्टवर आधी नोंदणी लागते. पूर्व सरोवराच्या काठाला मोठमोठ्या उतरत्या छपरांच्या इमारती आहेत. त्यातली दक्षिणेची नवी, २०२१ च्या शेवटी उघडलेली. रविवार असल्यानं आत जत्रा. युए नावाच्या जुन्या राज्याच्या राजा गोउजियानची तलवार बघायला चारपदरी गर्दी होती. १९६५ साली एका थडग्यातून निघाली तेव्हा अडीच हजार वर्षांनंतरही तिला धार होती म्हणे. आम्ही माणसांच्या डोक्यांवरून ती पाहिली आणि पुढे सरकलो.

आत्याला जिथे जायचं होतं ते दालन झंग राज्याच्या यी नावाच्या मांडलिक राजाचं. चीनच्या मोठ्या इतिहासात त्याचं नावही नाही. त्याचं थडगं सापडलं तेव्हाच तो माहीत झाला. १९७७ साली स्वेझोउ गावाबाहेर लष्कराची एक तुकडी बराकी वाढवायला टेकडी फोडत होती. तांबड्या खडकात मध्येच वेगळ्या रंगाची भुसभुशीत माती लागली. पुढच्या वर्षी मे महिन्यात उत्खनन सुरू झालं. थडग्यात पाणी तुंबलेलं होतं. ते उपसत गेले तशा पाण्यातून लाकडी तुळया वर आल्या, आणि तुळयांना टांगलेल्या घंटा तशाच्या तशा उभ्या. एकूण ६५.

त्या समोर आल्यावर आत्या काही वेळ नुसती उभी होती. काटकोनात मांडलेली तीन मजली चौकट, कंबरेला तलवारी लावलेली सहा कांस्य माणसं ती डोक्याहातांवर पेलून धरतात. सर्वांत मोठी घंटा दोनशे किलोंच्या वर, वरच्या ओळीतल्या हातात मावतील एवढ्या. घंटेचं तोंड गोल नाही, बदामासारखं दोन्हीकडे निमुळतं. म्हणून मध्ये ठोका दिला की एक सूर आणि बाजूला दिला की दुसरा. कुठे मारल्यावर कोणता सूर येईल ते त्या त्या जागी सोन्यानं कोरून ठेवलंय. खालच्या ओळीत मधोमध एक घंटा बाकीच्यांच्या जातीची नाही. ती शेजारच्या बलाढ्य चू राज्याच्या राजानं पाठवलेली भेट. तिच्यावरच्या मजकुरात त्या राजाच्या कारकिर्दीचं ५६ वं वर्ष आहे, म्हणजे इसवीसनपूर्व ४३३. यीचं थडगं त्याच सुमाराचं.

बहुतेक लोक इथे फोटो काढतात आणि बाहेर पडतात. खरं दालन त्याच्या पुढे आहे.

यीचं थडगं म्हणजे चार खोल्यांचं घर. मधल्या खोलीत दरबार: घंटा, दगडी पट्ट्यांचं वाद्य, मद्याची भांडी. उत्तरेला शस्त्रागार. पूर्वेला शेजघर, तिथे तो स्वतः. आणि सामान तरी किती! लहानमोठ्या वस्तू धरून पंधरा हजारांच्या आसपास. नऊ तिपाई कढया. सामंताला सात, सम्राटाला नऊ असा त्या काळचा शिष्टाचार असूनही यानं आपल्यासाठी नऊ ठेवून घेतल्या. मद्य गार करायला दुहेरी भांडं: आतल्यात मद्य, बाहेरच्यात बर्फ. मी सर्वांत जास्त वेळ एका शेगडीपाशी होते. दोन मजली कांस्य शेगडी, खालच्या थाळ्यात कोळसे आणि वरच्या पसरट तव्यात माशाचे काटे. अडीच हजार वर्षं तो मासा तव्यावर होता. मेल्यावर काय लागेल याचा विचार करताना कुणीतरी तळलेल्या माशाचाही विचार केला. तव्याखाली काजळीही आहे, म्हणजे शेगडी खास थडग्यासाठी घडवलेली नव्हे, रोजच्या वापरातली.

आत्या तोवर एका लाखेच्या पेटीपुढे अडकली होती. कपड्यांची पेटी, काळ्यावर तांबडी चित्रं. झाकणावर मधोमध सप्तर्षींचं चिनी अक्षर, भोवती २८ नावांचं वर्तुळ, एका अंगाला ड्रॅगन, दुसऱ्याला वाघ. ही त्यांची चंद्राची २८ घरं, आणि पुरी यादी असलेला तिथला इतका जुना दुसरा पुरावा नाही. अभिजित धरला की आपलीही नक्षत्रं २८. दोन्ही याद्या एकाच मुळातून आल्या की स्वतंत्रपणे, यावर अभ्यासकांचं अजून भांडण चालू आहे. आत्यानं भांडणात उडी घ्यायला सुरुवात केली, पण लातूरकरानं तिला हळूच पुढे नेलं.

पुढे शवपेट्या. बाहेरची पेटी कांस्याच्या सांगाड्यात लाकडाच्या फळ्या बसवलेली, वजन सात टनांच्या घरात. तिच्या एका बाजूला तळाशी चौकोनी भोक ठेवलंय. आतली पेटी नखशिखांत रंगवलेली. तिच्यावर शस्त्रं घेतलेले, अर्धे पशू अर्धे माणूस असे पहारेकरी, आणि त्यांच्यामध्ये रंगानं काढलेली खिडकी. थडग्याच्या चारही खोल्यांना जोडणारी तशीच छोटी भोकं भिंतींच्या तळाशी होती. उत्खनन करणाऱ्यांनी लावलेला अर्थ असा की राजाच्या आत्म्याला आपल्या घरात हिंडता-फिरता यावं. रात्री उठून घंटा ऐकायला जावं, तिथून शस्त्रागारात.

आत्या म्हणाली, "आपल्याकडे नेमकं उलटं केलं बघ."

तिच्या डोक्यात इनामगाव होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, यीच्या कितीतरी आधीची, इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथे वर्षानुवर्षं खोदकाम केलं. शाळेच्या सहली घेऊन आत्या त्या कॉलेजच्या संग्रहालयात इतक्यांदा गेली आहे की तिथला मांडणीक्रम तिला पाठ आहे. इनामगावच्या लोकांनी आपले मृत घरातच पुरले. मोठ्या माणसाला जमिनीखाली आडवं ठेवत आणि घोट्यापासून पावलं तोडून टाकत. भूत होऊन निघून जाऊ नये, घराशीच राहावं म्हणून, असं मानतात. लहान मूल गेलं तर दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवत आणि ती मडकी घरातल्या जमिनीखाली पुरत. एकाच माणसाला वेगळा मान मिळाला. त्याला चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात उकिडवं बसवलं आणि त्याची पावलं तोडली नाहीत. गावचा मुख्य असावा.

"म्हणजे मोठ्याचे पाय शाबूत, तिकडेही आणि इकडेही," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय ते बोल."

बाकीच्या पुढच्या भिंतीवरच्या आराखड्यात होत्या. राजाच्या खोलीत त्याच्या पेटीभोवती आणखी आठ पेट्या. पश्चिमेच्या खोलीत तेरा. सगळ्या मिळून २१, सगळ्या मुली किंवा तरुण बायका, तेरा-चौदा ते पंचविशीच्या आसपासच्या. राजाबरोबर जायला मारलेल्या. पश्चिमेकडच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या असाव्यात असा तर्क आहे. राजाच्या खोलीत एक कुत्राही होता, त्यालाही स्वतःची पेटी. फलकावर हे सगळं आहे, लपवलेलं काही नाही. पण घंटांना प्रकाशझोत आणि अख्खं दालन, आणि या २१ जणींना आराखड्यातले आयत. मला ते खटकलं.

आणि मग काचेत ते बदक दिसलं. वीतभर लांबीची लाकडी डबी, काळ्या लाखेची, तांबड्या-पिवळ्या पिसांची, मान फिरणारी. पश्चिमेच्या खोलीत एका मुलीच्या पेटीत सापडलेली. तिच्या एका अंगावर चित्र आहे: वर घंटा टांगल्यात, खाली दगडी पट्ट्या, आणि कुणीतरी लांब दांडा घेऊन ठोका देतंय. दुसऱ्या अंगावर ढोल आणि नाच. चित्र एवढंसं की नाक काचेला लावावं लागतं. इतक्या वैभवात या एकीची म्हणून एक वस्तू, आणि तिच्यावरही राजाच्याच घंटा. की तिच्याच? रोज त्यांच्यापुढे नाचत असेल तर त्या तिच्या नव्हेत, असं मी म्हणणार नाही.

संग्रहालयात घंटांच्या प्रतिकृतींवर वादन होतं, त्याचं वेगळं तिकीट. मोठ्या घंटेला खरोखरच आडवा लांब वासा हलवून ठोका देतात. पहिल्या चिनी रचनेला अंगावर काटा आला. मग एक प्रसिद्ध युरोपीय धून वाजवून पाच सप्तकांची करामत दाखवली आणि माझा उत्साह ओसरला. आत्यानं मात्र शेवटपर्यंत टाळ्या वाजवल्या.

बाहेर पडण्याआधी तिला आणखी एक थडगं हवं होतं: युनमंग गावचा एक कारकून, छिन या चीनच्या पहिल्या साम्राज्याचा. १९७५ साली सापडला. अंगाभोवती, डोक्याशी, पायाशी हजाराहून अधिक बांबूच्या पट्ट्या रचलेल्या, आणि त्यांवर कायदे, नियम, तपासाच्या पद्धती. घंटा नाहीत, बायका नाहीत, माणूस आपली सरकारी परिपत्रकं घेऊन निघाला. छिनच्या कायद्याबद्दल आज जे नेमकं कळतं त्यातलं बरंच या एका माणसाच्या पेटीतून आलं. आत्याला हा राजापेक्षा जास्त आवडला.

सोमवार

संग्रहालय बंद. सकाळी म्यनवो खाल्ला: तांदूळ-सोयाबीनचं वाटण, त्यात आलं-पात, मध्ये उंचवटा असलेल्या पळीत तळलेलं. आपला मेदूवडाच, फक्त भोकाच्या जागी कुरकुरीत पापुद्रा. मग नदीवरची फेरी. वुचांगहून हानकोउला थोडक्या पैशांत सोडते, आणि बाजूला १९५७ चा दुमजली पूल, खालून रेल्वे, वरून मोटारी.

हानकोउच्या धक्क्यावर उतरताना आत्यानं सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांची आठवण काढली. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक इथे आलं. त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही. जपानी फौज तोंडाशी होती, ऑक्टोबर संपायच्या आत शहर पडलं. लातूरकराला कोटणीस चिनी वर्गमित्रांकडून कळले होते. त्याबद्दल आत्यानं त्याला दहा मिनिटं ऐकवलं.

मंगळवार

हानकोउहून गाडीनं तासाभरात स्वेझोउ. आत्याचा हट्ट, "सामान पाहिलं, आता घर बघू." पोराला सुट्टी नव्हती, पण तो आलाच.

यीच्या थडग्याचा लेइगुदुन टेकडीवरचा खड्डा आता छपराखाली आहे. गुळगुळीत चौकोन नव्हे, खडकात वेडावाकडा कापलेला. पूर्व-पश्चिम २१ मीटर, उत्तर-दक्षिण साडेसोळा, खोली तेराच्या आसपास. कठड्यावरून खाली लाकडांच्या खोल्या दिसतात. परवा आराखड्यात आयत होते, इथे प्रत्यक्ष भिंती आहेत, आणि पश्चिमेची खोली अंगावर येण्याइतकी अरुंद आहे. तेरा पेट्या तिथे कशा मावल्या ते कळायला वेळ लागतो. लाकडाभोवती साठ टनांच्या घरात कोळसा ठासला होता, वर चिकणमाती, वर दगडी फरशा. तरी चोर आलेच. मधल्या खोलीच्या कोपऱ्यावर त्यांनी पाडलेलं जुनं भगदाड आहे. पण वरून माती आणि पाणी आत घुसलं आणि त्यांचा डाव फसला. त्या पाण्यानंच लाकूड, लाख आणि बदक टिकलं.

गावच्या संग्रहालयात आणखी ३६ घंटा आहेत, १९८१ मध्ये जवळच सापडलेल्या दुसऱ्या थडग्यातल्या. तिथे आम्हीच होतो. जुन्या ग्रंथांत या भागात स्वे नावाचं राज्य, खणलं की निघतं झंग. बरीच वर्षं हे कोडं होतं. अलीकडे सापडलेल्या कांस्यलेखांवरून बहुतेक जण दोन्ही एकच मानतात.

परतीच्या गाडीत आत्यानं पोराला धरलं. "त्या मुली तेराच्या, पंचविशीच्या, हे ठरवलं कसं? जन्मदाखले होते का?"

तो खुलला. शरीररचनेचा पेपर नुकताच झाला होता. लांब हाडांची टोकं, म्हणाला, लहानपणी मधल्या दांड्यापासून सुटी असतात, मध्ये कूर्चा असते, आणि ती वाढते म्हणून आपण वाढतो. मग एकेक टोक ठराविक वयात जुळतं: कोपराचं आधी, गुडघ्याचं नंतर, गळ्याच्या हाडाचं छातीकडचं टोक सगळ्यांत शेवटी, पंचविशीच्या आसपास. शिवाय अक्कलदाढ कुठवर आली ते बघायचं. मुलींची टोकं मुलांच्या आधी जुळतात, तेही धरावं लागतं. त्यानं स्वतःच्या कोपरावर बोट ठेवून दाखवलं. "तेरा-चौदाच्या मुलीचं हे नुकतंच जुळत असतं, काकू. गुडघ्याचं अजून सुटंच."

आत्यानं विचार केला. "म्हणजे तिची उंचीसुद्धा पुरी झाली नव्हती."

"थोडी राहिली असती."

"आणि कुत्र्याचं वय?"

"कुत्र्याचं आम्हाला शिकवलं नाही," तो म्हणाला, आणि डब्यात आलेल्या ट्रॉलीवाल्या बाईकडे गरम पाणी मागायला उठला.